गुळाची हाक

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो. माझे नाव काजळी. कधीकाळी अंगही नावासारखेच काळे होते. आता तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत, आणि उजव्या डोळ्याला सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. रत्नागिरी गावाबाहेर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी एक लहानसे घर आहे. त्याच्या मागच्या पडवीत मी उभी असते. माझ्याकडून आता कोणी काम घेत नाही. रस्त्यावर मोटारी धावतात. आमचा टांगा मोडला, त्याची चाकेही कोणीतरी नेली.

तरीही भर दुपारी वारा पडला, की वरच्या कातळावर टापा वाजतात. वर घोडा नसतो. मी कान टवकारते. घरात माझ्या मालकीणबाईंच्या, यमुनाबाईंच्या, हातातले सूपही थांबते. आम्ही दोघी मग एकमेकींकडे पाहत नाही. त्या टापा कोणाच्या, हे आम्हाला ठाऊक आहे.

माझा जन्म घाटावरचा. मी आईच्या मागे माळावर हिंडत असे, तोवर माणूस म्हणजे काय हे मला माहीत नव्हते. मग एक दिवस मला धरले. एकाने कान पिळला, दुसऱ्याने वरच्या ओठाला दोरीचा फास घातला आणि तिसऱ्याने चाबूक ओढला. असे बरेच दिवस चालले. त्यांना वाटले, घोडी शिकली. मी एवढेच शिकले होते, की माणसाचा हात वर गेला की अंग चोरायचे आणि संधी मिळाली की लाथ मारायची.

अशा मला हरिश्चंद्र नावाच्या टांगेवाल्याने विकत घेतले. त्यांना सगळे हरबा म्हणत. मला घेऊन ते पायी आंबा घाट उतरले. साखरप्याजवळ नदी लागली. मी कधी वाहते पाणी ओलांडले नव्हते. मी चारही पाय रोवून उभी राहिले आणि आता पाठीवर काय पडते याची वाट पाहू लागले. काहीच पडले नाही. हरबा काठावरच्या दगडावर बसले, फडके सोडून भाकरी खाऊ लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. ऊन कलले. शेवटी मीच पाण्यात पाय घातला.

"चल काजळी," ते हसून म्हणाले. त्या नदीचे नाव काजळी. तेच माझे झाले.

हरबा जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. तिथे ते घोड्याखेचरांची निगा राखत. तिकडे त्यांनी एका म्हाताऱ्या अरबाला खजुराच्या तुकड्यांवर शिंगरू शिकवताना पाहिले होते. ते त्यांच्या मनात राहिले. परत आल्यावर त्यांनी तीच रीत धरली, फक्त खजुराऐवजी गूळ घेतला. त्यांच्या कमरेला बसऱ्याहून आणलेली एक पत्र्याची डबी असे. तिच्यात फुटाणे आणि गुळाचे खडे.

पहिले काही दिवस ते पडवीत माझ्याकडे पाठ करून नुसते बसत. मी त्यांच्याकडे मान वळवली, की डबी वाजे. खुळ्ळ! आणि तो आवाज विरायच्या आत दगडावर गुळाचा खडा ठेवून ते मागे सरत. मी एक पाऊल पुढे टाकले, खुळ्ळ. लगामाच्या लोखंडाला नाक लावले, खुळ्ळ. आधी आवाज, लगेच गूळ. हे कधी चुकले नाही. लवकरच लगाम दिसला की मी आपण होऊन तोंड उघडू लागले.

पडवीत आणि टांग्याला माझ्या जोडीला शेवंती होती. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, वयाने माझ्याहून मोठी घोडी. मी एखाद्या गोष्टीला बिचकले, की ती शांतपणे गवत खात राही. तिच्याकडे पाहून माझी भीती ओसरे. मला जे जे येते, त्यातले अर्धे तिनेच शिकवले.

सगळे एकदम सुरळीत झाले असे मात्र नाही. माणसाच्या हातात गोड असते, हे कळल्यावर मी हावरट झाले. एकदा बंदरावर आगबोटीतून उतरलेले एक वकील टांग्यात चढत होते. त्यांच्या कोटाच्या खिशात खडीसाखर होती. मी खिसाच फाडला. वकील संतापले. हरबांनी हात जोडले आणि कोट शिवायला घरी नेला.

खिसा शिवता शिवता त्यांची बायको यमुनाबाई म्हणाल्या, "चूक तिची नाय. आपण तिला घ्यायला शिकवलंय. थांबायला कुठं शिकवलंय?"

दुसऱ्या दिवशी त्या गुळाची मूठ मिटून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मूठ हुंगली, ढुसण्या दिल्या, ओठांनी चाचपली. मूठ उघडेना. कंटाळून मी तोंड दुसरीकडे वळवले, आणि त्याच क्षणी डबी वाजली! यमुनाबाईंचा सपाट तळवा माझ्या ओठांखाली आला. "घे गो बाय," त्या म्हणाल्या. गूळ हवा असेल तर आधी तोंड वळवून थांबायचे, हे मी तेव्हा शिकले. शेवंतीला ते आधीपासूनच येत होते. पुढे डबी वाजली की आम्ही असू तिथून येत असू, आणि टांग्याला जुंपलेल्या असलो तर जागीच थांबून तोंड वळवत असू.

टांग्याच्या अड्ड्यावर मात्र आमची थट्टा होई. केरू नावाचा टांगेवाला सर्वांत पुढे. "मेल्या हरश्या, घोडीला दिवाळीला लाडू पण करून घालतोस काय रे? चाबूक हाय कशाला मग?"

हरबा हसून सोडून देत. पण एकदा बंदराच्या उतारावर आमच्या साजाचा मागचा पट्टा तुटला. टांगा आमच्या पायांवर आला, हरबा खाली फेकले गेले. टांग्यात दोन बायका आणि एक तान्हे मूल होते. आम्ही उधळणारच होतो, इतक्यात मागून डबी वाजली. खुळ्ळ! धुळीत पडल्या पडल्या हरबांनी ती कमरेची काढून हलवली होती. तो आवाज म्हणजे पाय थांबवायचे आणि तोंड वळवायचे. शेवंती थांबली, म्हणून मीही थांबले. टांगा ढुंगणाला टेकला होता, पण आम्ही उभ्या राहिलो. खरचटलेल्या हातांनी हरबांनी आधी आम्हाला गूळ दिला, मग बायकांना उतरवले.

केरू मागूनच येत होता. त्याने सारे पाहिले. पुढच्या आठवड्यात त्याच्याही कमरेला डबी दिसली. तिच्यात त्याने रस्त्यावरचे दगडाचे खडे भरले होते. त्याचा घोडा पहिल्यांदा धावत आला, दुसऱ्यांदा चालत आला, मग येईनासाच झाला.

"माझा का येत नाय रे?" केरूने विचारले.

"गुळाविना डबी म्हणजे खोटं बोलणं," हरबा म्हणाले. "जनावर एकदोनदा फसतं. मग आपणच फसतो."

मित्रांनो, ती आमची चांगली वर्षे. आमच्या पाठी चकचकीत असत, तोबऱ्यात भिजवलेले कुळीथ असत, आणि लोक म्हणत, "चाबूक नसलेला टांगा आला." शेवंती डावीकडे, मी उजवीकडे. तिच्या श्वासावरून मला चढ किती उरला ते कळे.

मग एका दिवाळीनंतर घाटावरून कोणी व्यापारी घोड्यांचा कळप घेऊन आला. आमच्या अड्ड्यावरच्या हौदावर ते घोडे पाणी प्यायले. त्यातले काही शिंकत होते. काही दिवसांनी शेवंतीच्या नाकातून चिकट पिवळा पू येऊ लागला, पायावर गाठी उठल्या. हरबांनी स्वतः जाऊन सरकारी गुरांच्या डॉक्टरांना आणले. डॉक्टरांनी आम्हा दोघींच्या पापणीत रोग ओळखायचे औषध टोचले. माझा डोळा जसाच्या तसा राहिला. शेवंतीचा सुजून मिटला.

डॉक्टर भला माणूस होता. टोपी काढून हातात धरून तो म्हणाला, "हरिश्चंद्र, या रोगाला औषध नाही. इतर घोड्यांना लागेल, माणसालाही लागतो. तिला गोळी घालावी लागेल. सरकारचा तसा हुकूमच आहे."

दोर घेऊन अनोळखी माणसे आली, तेव्हा शेवंती बिथरली. खुंटा उपटून ती सड्यावर पळाली. पावसाचे पाणी अजून कातळाच्या खळग्यांत साचलेले होते, गवत पिवळे झाले होते. ती तिथेच राहिली. माणूस दिसला की दूर जाई. हवालदार बंदूक घेऊन आला, पण त्याला ती जवळ येऊ देईना.

"लांबूनच घालतो," हवालदार म्हणाला.

"लांबून पायात लागली तर?" हरबा ओरडले. "दिवसभर तडफडत पडेल ती!"

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मग जवळ बोलवा तिला. तुमच्या डबीला ती येते, सारा गाव सांगतो."

हरबा घरी आले. पडवीतून मला सारे ऐकू येत होते.

"डबी खोटी वाजवायची नाय, हे तुम्हीच सांगत होतात," यमुनाबाई म्हणाल्या.

"खोटी कशी? गूळ देणार तिला."

"आणि मग?"

हरबा डबीत गुळाचे खडे भरू लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलाही सड्यावर घेऊन गेले. मला पाहून शेवंतीला धीर येईल, म्हणून. डॉक्टरांनी मला लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका झुडपाशी बांधायला लावले. शेवंती दूर उभी होती. तिने मान उंचावली. मला ओळखले. हरबांनी डबी हातात घेतली, हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. हलेचना. हवालदाराने बंदूक खांद्याला लावली.

यमुनाबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या हातातून त्यांनी डबी काढून घेतली. "बंदूक खाली करा," त्या म्हणाल्या. "ती येईल."

खुळ्ळ!

शेवंती निघाली. धावत नव्हती. एक डोळा मिटलेला, म्हणून मान तिरकी करून, कातळावर टाप टाप वाजवीत ती सरळ यमुनाबाईंपाशी आली. डॉक्टर ओरडले, "हात लावू नका!" यमुनाबाईंनी ऐकले नाही. तळवा सपाट करून त्यांनी गूळ पुढे धरला. शेवंतीने तो लगेच घेतला नाही. शिकवल्याप्रमाणे तिने आधी तोंड दुसरीकडे वळवले, आणि थांबली.

"घे गो बाय," यमुनाबाई म्हणाल्या.

तिने गूळ उचलला. यमुनाबाई बाजूला झाल्या. बार झाला.

मित्रांनो, मला सर्वांत जास्त कशाची भीती वाटते ते सांगते. डबी वाजली तेव्हा, शेवंती कोसळत असतानाही, माझ्या तोंडाला पाणी सुटले होते.

डॉक्टरांनी यमुनाबाईंचे हात झोंबऱ्या औषधाने पुन्हा पुन्हा धुतले. शेवंतीला चुना घालून तिथेच पुरले. तिचा तोबरा, दोर, तिच्या गवताची पेंढी, सारे जाळले. डबी उकळत्या पाण्यात टाकून काढली आणि खुंटीला टांगली.

काही दिवसांनी हरबांनी मला टांग्याला जुंपायला ती वाजवली. मी घामाने निथळले. तोंडात लाळ आणि पायांत कापरे, दोन्ही एकदम. मी मागे सरत भिंतीला टेकले आणि तिथेच मटकन बसले. हरबांनी डबी पुन्हा खुंटीला टांगली. त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही.

त्याच सुमारास दुपारच्या टापा वाजू लागल्या. पहिल्यांदा मला वाटले, मलाच ऐकू येतात. पण हरबा जेवता जेवता उठून दारात येत. यमुनाबाई कुळीथ मोजताना दुसऱ्या तोबऱ्यासाठीही माप भरत, मग ते परत ओतत. हरबा जेवण अर्धे टाकून सड्यावर जाऊ लागले. शेवंतीला पुरले होते तिथे उन्हात बसून राहत. उन्हे कलली की परत येत. माणूस वाळत चालला. शेजारी म्हणाले, घोडीचा आत्मा अडकला आहे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, नारळ दिला. टापा थांबल्या नाहीत.

केरू येऊन म्हणाला, "वैनी, काजळीला माझ्याकडं द्या. चार दिवसांत चाबकानं सरळ करतो."

"घेऊन जा," आतून हरबा म्हणाले.

"कोण नेतो ते मी बघतेच," यमुनाबाई म्हणाल्या, आणि केरू निमूट परत गेला.

त्या दिवसापासून यमुनाबाई माझ्याजवळ बसू लागल्या. डबी नव्हती. आवाज नव्हता. मागणेही काही नव्हते. गूळ त्या गव्हाणीत ठेवत आणि वाती वळत बसत. मी त्यांच्या हातातून काही घेत नसे. तो हात मी सड्यावर पाहिला होता. त्यांनाही ते माहीत होते. म्हणून त्यांनी हात पुढे केला नाही. गवत वाळले, पाऊस येऊन गेला, पुन्हा गवत पिवळे पडले. एक दिवस मीच त्यांच्या खांद्यावर नाक ठेवले. त्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, हात वातीवरच होते.

मग त्यांनी मला सड्याकडे न्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त कुंपणापर्यंत. मी घाबरले, तर त्या थांबत. मी एक पाऊल टाकले, तर गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या झाडापर्यंत. मग चढाच्या पहिल्या वळणापर्यंत. ओढले कधीच नाही. जिथे माझे पाय कापत, तिथून आम्ही परत फिरत. वर हरबा बसलेले असत. रोज दुपारी आम्ही त्यांना थोड्या अधिक जवळून दिसत असू. त्यांनी हाक मारली नाही. पण एके दिवशी ते आमच्याकडे तोंड करून बसले होते.

शेवटी मी कातळावर पाय ठेवला. टाप वाजली. हरबा दचकून उभे राहिले. मी चालत राहिले. प्रत्येक पावलाला दगड वाजत होता आणि मला वाटत होते, माझ्या शेजारून डावीकडून आणखी कोणी चालते आहे. मी तिकडे पाहिले नाही. हरबांच्या जवळ जाऊन मी उभी राहिले.

हरबांनी माझ्या मानेला मिठी मारली. खूप वेळाने ते यमुनाबाईंना म्हणाले, "शेवंती काय समजली असेल गो?"

"तिला गूळ मिळाला होता. तोंडात होता तिच्या."

"म्हणूनच गो," हरबा म्हणाले. "म्हणूनच."

यमुनाबाई त्यांच्याशेजारी दगडावर बसल्या. "मला पण तेच दिसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटेच वर येता. मला पण घेऊन येत जा."

त्यानंतर ती दोघे मिळून येत, मला घेऊन. हरबा पुन्हा जेवू लागले. एका घोडीचा टांगा त्यांनी गावातल्या गावात काही वर्षे हाकला. डबी वाजली नाही. यमुनाबाईंचे "घे गो बाय" हीच माझी खूण झाली. मग मोटारी वाढल्या, अड्डा ओस पडला. हरबा एका उन्हाळ्यात थोड्याशा तापाने गेले. लोकांनी यमुनाबाईंना सांगितले, म्हातारी घोडी काढून टाका. त्यांनी ऐकले नाही.

परवाच केरू आला. तोही आता म्हातारा झाला आहे. त्याच्या मागे एक तरणे शिंगरू होते, डोळ्यांची पांढरी कडा दिसत असलेले. त्याचा कानही कोणीतरी पिळलेला होता.

"वैनी, चाबकाला हे ऐकत नाय," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्या हातानं शिकवा."

यमुनाबाई शिंगराकडे पाहत राहिल्या. "शिकवीन," त्या म्हणाल्या. "पण एक शब्द दे. उद्या ह्याच्यावर वाईट दिवस आला, तर तू आपल्या पायांनी ह्याच्याजवळ जायचंस. ह्याला तिथं हाकेनं आणायचं नाय. मलाही बोलवायचं नाय."

केरूने होकारार्थी मान हलवली. मग त्याने खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

मित्रांनो, आम्ही जनावरे मुठीभर गोडासाठी तुमचे पुष्कळ ऐकतो. मारापेक्षा लवकर ऐकतो, आणि मनापासून ऐकतो. म्हणूनच सांगते, एखाद्या जिवाला तुमच्या हाकेला यायला शिकवाल, तेव्हा ती हाक फार जपून ठेवा. ती त्याला मनातून पुन्हा पुसून टाकता येत नाही.

आता शिंगरू माझ्या डावीकडे बांधले आहे. ती जागा इतकी वर्षे रिकामी होती. भर दुपार झाली आहे. वर कातळावर टापा वाजत आहेत, आणि ते थरथरत माझ्याकडे पाहते आहे. मी शांतपणे गवत खात आहे.